एसएमपीएसमधल्या दुर्लक्षित व्होल्टेजविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे लवकर का बिघडतात, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. एसएमपीएस, म्हणजे अडॅप्टर-चार्जरमध्ये असतो तसा घरातल्या विजेपासून स्थिर डीसी व्होल्टेज तयार करणारा पुरवठा, बंद पडण्याचे खापर त्यात मेन्सच्या (घरात येणाऱ्या विजेच्या) चढउतारांवर आणि हलक्या प्रतीच्या कपॅसिटरवर फोडले आहे. दोन्ही कारणे खरी आहेत. पण माझा दिवस बंद पडलेले एसएमपीएस उघडण्यातच जातो, आणि तिथे वारंवार समोर येणारे एक कारण लेखात कुठेच नव्हते. ते म्हणजे आतल्या कंट्रोल आयसीला मिळणारे ऑक्झिलरी व्होल्टेज. त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

एसएमपीएस म्हटला की सगळ्यांचे लक्ष आउटपुटकडे असते. १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून १२ व्होल्ट येतात का, लोड दिल्यावर ते पडतात का, एवढे पाहिले की तपासणी संपते. ते व्होल्टेज सांभाळायला फीडबॅक असतो, आउटपुटची खबर प्रकाशाच्या साहाय्याने आयसीपर्यंत पोचवणारा ऑप्टोकपलर असतो. पण हा सगळा कारभार चालवणाऱ्या आयसीलाही स्वतःचा पुरवठा लागतो. त्यासाठी त्याच ट्रान्सफॉर्मरवर थोड्या वेढ्यांचे वेगळे वाइंडिंग घालतात आणि त्याला एक डायोड व एक छोटा कपॅसिटर जोडतात. बहुतेक डिझाइनमध्ये या व्होल्टेजवर कुणाची नजर नसते. आउटपुट स्थिर आहे म्हणजे हेही स्थिर असणार, असे धरून चालतात. ते तसे नसते.

वर्षानुवर्षे वापरात असलेली ३८४२ आयसी घ्या. पुरवठ्याच्या पिनवर साधारण १६ व्होल्ट चढले की ती सुरू होते आणि १० व्होल्टच्या खाली उतरले की बंद होते. २३० व्होल्ट मेन्स रेक्टिफाय केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळतात. तिथून २०० किलोओहमच्या स्टार्टअप रेझिस्टरमधून जेमतेम दीड मिलिअँपिअर येतो. सुरू झाल्यावर मात्र आयसी आणि मॉस्फेटचे (ट्रान्सफॉर्मरचा करंट वेगाने चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) गेट मिळून १५ मिलिअँपिअरच्या आसपास ओढतात. म्हणजे रेझिस्टरच्या जिवावर ती चालूच शकत नाही. कपॅसिटरमध्ये साठलेल्या चार्जवर काही मिलिसेकंद तग धरायचा आणि तेवढ्यात आउटपुट उभे राहून वाइंडिंगने पुरवठा हाती घ्यायचा, अशी ती व्यवस्था आहे. ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धडधाकट असेल तर १६ वरून १० वर यायला जवळजवळ १९ मिलिसेकंद मिळतात. तोच सुकून १० मायक्रोफॅरडवर आला की मिळतात फक्त ४. तेवढ्यात आउटपुट उभे राहत नाही, आयसी बंद पडते, कपॅसिटर पुन्हा हळूहळू भरतो, आयसी पुन्हा उठते आणि पुन्हा पडते. ट्रान्सफॉर्मरमधून येणारी बारीक टिकटिक अनेकदा याचीच असते. आउटपुट शॉर्ट असले तरी अशीच टिकटिक ऐकू येते, म्हणून आधी ते तपासून घ्यावे लागते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ४७ च्या जागी ४७० चा कपॅसिटर लावणे. तो भरायला दहापट वेळ लागतो. पाऊण सेकंदात सुरू होणारा एसएमपीएस सात-साडेसात सेकंद गप्प बसतो आणि गिऱ्हाईक तो मेला असे समजून परत आणतो. शिवाय मूळ दोष जिथल्या तिथेच राहतो.

मूळ दोष बऱ्याचदा उलट टोकाला असतो, म्हणजे व्होल्टेज कमी नसून जास्त असते. मॉस्फेट बंद होताच ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्समुळे (वाइंडिंगची एकमेकांशी जोडणी अपुरी राहिल्यामुळे) क्षणभर उंच स्पाइक येतो. आउटपुटवरचा लोड वाढेल तसा हा स्पाइकही वाढतो. ऑक्झिलरीचा डायोड तो कपॅसिटरमध्ये भरून ठेवतो, आणि आयसी इतका थोडा करंट ओढते की भरलेले उतरायला वाव मिळत नाही. अलीकडेच एका अडॅप्टरवर मोजले तेव्हा लोड नसताना ऑक्झिलरी ११.४ व्होल्ट होते आणि पूर्ण लोडवर २३ च्या वर. आउटपुट दोन्ही वेळा बारावर ठाम! ३८४२ गेटला जवळपास पुरवठ्याइतकेच व्होल्टेज देते, आणि नेहमीच्या मॉस्फेटच्या गेटची कमाल मर्यादा २० व्होल्ट असते. असा एसएमपीएस गिऱ्हाइकाकडे महिनोन्महिने चालतो आणि एक दिवस मॉस्फेट, आयसी आणि फ्यूज एकदम घेऊन जातो. मग दोष मेन्सला दिला जातो.

यावरचे उपाय महाग नाहीत, म्हणूनच ते केलेले दिसत नाहीत तेव्हा वाईट वाटते. डायोडच्या सिरीजला १० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर घातला की स्पाइकचा बराचसा भाग कपॅसिटरपर्यंत पोहोचत नाही. ऑक्झिलरी वाइंडिंग बॉबिनवर सेकंडरीला, म्हणजे आउटपुटच्या वाइंडिंगला, चिकटून घातले, तर ते आउटपुटच्या मागोमाग अधिक इमानाने चालते. आणि लोडचा पल्ला मोठा असेल तर सरळ एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि १५ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजवर थोपवून धरणारा डायोड) लावून ते रेग्युलेट करावे. वेढे असे ठेवायचे की हलक्यात हलक्या लोडवरही कच्चे व्होल्टेज १६-१७ च्या खाली जाऊ नये. वर जाईल ते ट्रान्झिस्टर अडवतो. २८ पर्यंत गेले तरी १५ मिलिअँपिअरला त्यात पाव वॉटदेखील जळत नाही. एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. सुरू होताना आयसीच्या बाजूला १६ व्होल्ट चढतात आणि ट्रान्झिस्टरचा बेस शून्यावर असतो. बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने पाच-सहा व्होल्टच सोसते, म्हणून एमिटरनंतर एक डायोड हवाच. तो नसलेली सर्किटे मी पाहिली आहेत. स्टार्टअपचा करंट उलटा ट्रान्झिस्टरमधून वाइंडिंगच्या बाजूच्या कपॅसिटरकडे वाहून जातो आणि आयसी सुरू व्हायला अडखळते.

५ ते २० व्होल्ट देणाऱ्या आजच्या चार्जरमध्ये तर हा प्रश्न चौपट होतो, कारण ऑक्झिलरी आउटपुटच्या प्रमाणात हलते. ५ व्होल्टला ते १० पुरवत असेल तर २० व्होल्टला ४० होईल. तिथे वाइंडिंगला टॅप (मधूनच जोडणी) काढणे किंवा रेग्युलेटर वापरणे याला पर्याय नाही. चांगल्या आयसींमध्ये ही सोय आतच असते.

दुरुस्ती करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीने सांगतो: मॉस्फेट बदलल्यावर आउटपुट मोजून थांबू नका, ऑक्झिलरीही मोजा, आधी लोडशिवाय आणि मग पूर्ण लोडवर. ऑक्झिलरीच्या डायोडच्या जागी ४००७ डायोड ठोकू नका. तो मेन्सच्या ५० हर्ट्झसाठी आहे, इथल्या वेगाला यूएफ४००७ सारखा फास्ट डायोड लागतो. प्रायमरीच्या बाजूचे ग्राउंड मेन्सला जोडलेले असते, तेव्हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (मेन्सपासून वेगळे करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) ऑसिलोस्कोप लावू नका आणि हात घालण्याआधी मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करा.

उत्पादकांकडे एकच मागणी आहे. सर्किट डायग्राम देणे जड जात असेल तर राहू द्या, पण बोर्डावर ऑक्झिलरीच्या कपॅसिटरशेजारी त्याचे किमान आणि कमाल व्होल्टेज छापा. कपॅसिटरचा क्रमांक तिथे छापलेला असतोच, त्याच शाईत आणखी दोन आकडे सहज मावतील.

आपला,
एक वाचक (एसएमपीएस दुरुस्ती कारागीर)