मंगल, आधी मोजायला शिकव

लेस्टर,
रविवार रात्र

प्रिय मंगल,

तुझं पत्र दारातच वाचलं, अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या टेक्निशियनच्या पहिल्या बॅचला तू शिकवणार! मिरजेत आपण दोघी निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये गॉजच्या घड्या भरत बसायचो आणि मावशी घड्या उलगडून पुन्हा घालायला लावायच्या, ते दिवस आठवले. आपल्याला कुणी समोर बसवून असं शिकवलंच नाही गं. बघून बघून शिकलो, रागावून घेत शिकलो. तुझ्या मुलांना तू मिळालीस, हे त्यांचं नशीब.

तू विचारलंयस, तीन वर्षं तुम्ही तिकडच्या मुलांना शिकवता तरी काय? लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

इथे आपलं काम करणाऱ्याला ओडीपी, म्हणजे ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर म्हणतात. डॉक्टर नाही, नर्सही नाही, आपला वेगळा पेशा. १९७० साली ल्युइन समितीचा अहवाल आला, तिथून ओटीतल्या सहायकांना रीतसर शिकवायला हवं हा विचार पक्का झाला. २००४ पासून आमची कायद्याने नोंदणी होते; नोंदणी नसताना कुणी स्वतःला ओडीपी म्हणवून घेतलं तर तो गुन्हा. आपल्याकडेही २०२१ च्या कायद्यात ओटी टेक्नॉलॉजिस्ट आले, हे तुझ्या मुलांना पहिल्याच तासाला सांग. आपण 'ओटीतला पोरगा', 'ओटीतली पोरगी' म्हणूनच राहिलो. त्यांना तसं राहायचं नाही.

काम तिन्ही ठिकाणी शिकायचं: भूल देताना, ऑपरेशन चालू असताना आणि रिकव्हरीत. मुलांना सगळ्यात ओढ असते ती स्क्रबची, सर्जनशेजारी उभं राहून हत्यारं देण्याची. हातात आर्टरी फोर्सेप द्यायला मिळाला की त्यांना धन्य वाटतं. मी मात्र पहिले कित्येक आठवडे भुलेच्या खोलीत ठेवते. मशीन तपासणं, सक्शन उशीखाली चालू स्थितीत आहे का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, श्वासाच्या ट्यूबचा कफ, तो छोटा फुगा, फुगवून पाहिला का, ट्यूबला वाट दाखवणारी बूजी हाताशी आहे का. रोज, प्रत्येक पेशंटला, तेच. कंटाळा आला म्हणतात. कंटाळा येईपर्यंत करून घ्यावंच लागतं, कारण घाई झाली की डोकं थांबतं आणि हातच काम करतात.

पोट भरलेला पेशंट असेल तर पोटातलं वर घशात येऊ नये म्हणून गळ्याच्या क्रिकॉइड कूर्चेवर दाब द्यायचा असतो, डॉ. सेलिकनी १९६१ मध्ये सांगितला तो. तो आपण अंदाजानेच द्यायचो ना? इथे मी वर्गात वजनकाटा ठेवते. पेशंट जागा आहे तोवर साधारण एक किलोचा दाब, झोपला की तीन किलोचा. डोळे मिटून काट्यावर बोटं दाबायची आणि बाकीच्यांनी आकडा वाचायचा. पहिल्या दिवशी कुणी सातवर जातं, कुणाचा दीडच्या पुढे सरकत नाही. आठ दिवसांत बोटांना तीन किलो कळायला लागतं. हे लगेच सुरू कर, खर्च शून्य.

दुसरा एक सराव लिहिते, मला फार आवडतो. मॅलिग्नंट हायपरथर्मिया आपण पुस्तकातच वाचलं होतं. लाखात एखाद्यालाच भुलेचा वायू किंवा सक्सा, ते स्नायू सैल करायचं औषध, बाधतं असं म्हणून आपण पान उलटलं. कार्बन डायऑक्साइड चढत जातो, स्नायू ताठ होतात, अंग तापतं. औषध डॅन्ट्रोलिन. एका कुपीत २० मिलिग्रॅम, तीत ६० मिली निर्जंतुक पाणी घालून हलवत राहायचं, नारिंगी भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत. सत्तर किलोच्या माणसाला पहिलाच डोस नऊ कुप्यांचा. मी मुदत संपलेल्या कुप्या जपून ठेवते आणि एकाच विद्यार्थ्याला म्हणते, कर तयार. तिसऱ्या कुपीला त्याचा हात दुखतो, घड्याळ पुढे पळतं, आणि मग तो ओरडतो, "कुणीतरी या!" त्याला कळायला हवं ते तेवढंच. पुढच्या खेपेला तो आधी माणसं नेमतो: तू वायू बंद करायला मदत कर, तू बर्फ आण, तुम्ही तिघी कुप्या हलवा, तू वेळ लिही. ओटीचं व्यवस्थापन म्हणून तू वेगळा पेपर ठेवणार म्हणालीस ना, तो इथून सुरू कर. यादी कशी लावायची, लॅटेक्सची ॲलर्जी असलेला पेशंट पहिला का, मधुमेही आणि लहान मुलं उपाशी ताटकळू नयेत म्हणून सकाळीच का, सीएसएसडीतून, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागातून सेट आला की नाही, सी-आर्म, ते फिरतं एक्स-रे यंत्र, दोन ओटींनी एकाच वेळी मागितलाय का, हे सगळं सकाळच्या बैठकीत मुलांनाच मोठ्याने बोलायला लाव.

आता मोजणीचं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मिरज सोडल्यावर मी एका छोट्या हॉस्पिटलात होते, आठवतंय? तिथे सिझेरियन चाललं होतं. पोट बंद करायची वेळ आली आणि माझ्या मोजणीत एक मॉप, रक्त टिपायचा कपडा, कमी. मी म्हटलं, "सर, एक कमी आहे." सर म्हणाले, "आत काही नाही, तू नीट मोज." परत मोजले, परत एक कमी. सिस्टरकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. मीही घातली. पोट बंद झालं. संध्याकाळी मावशींनी धुण्याचं गाठोडं सोडलं तेव्हा तो मॉप पेशंटवर पांघरायच्या एका ड्रेपच्या घडीत चिकटलेला सापडला. मधले पाच तास ती बाई वॉर्डात बाळाला पाजत होती आणि तिच्या पोटात मॉप आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. मंगल, त्या पाच तासांची लाज अजून गेलेली नाही.

म्हणून माझ्या वर्गात मोजणी दोघांनी, मोठ्याने, एकेक सुटा करून. इथे पाच-पाचच्या जुड्या येतात, लाल दोऱ्याने बांधलेल्या. तो दोरासुद्धा जपायचा. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो. मेळ बसला नाही तर शोधायचं, तरी नाही सापडला तर एक्स-रे. पण खरं शिकवायचं ते दुसऱ्यांदा "सर, एक कमी आहे" म्हणणं.

एलेन ब्रॉमिली नावाच्या बाईची गोष्ट मी दर वर्षी सांगते. २००५ मध्ये सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी आली, दोन लहान मुलांची आई. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर ट्यूब घालायच्या प्रयत्नात गुंतून गेले. एका नर्सने ट्रेकिओस्टोमीचा, गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचा सेट आणून ठेवला, सांगितलंही. कुणाच्या कानावर पडलं नाही. एलेन वाचली नाही. नवरा मार्टिन विमानाचा पायलट होता. त्याने २००७ मध्ये डॉक्टर-नर्सना विमानचालकांसारखं एकमेकांचं ऐकायला शिकवण्यासाठी गट उभा केला.

आपल्याकडे 'सर' म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. त्यामुळे मुलांकडून पायऱ्या म्हणवून घे, मराठीतच. "सर, ऑक्सिजन ऐंशीवर आलाय, दिसतंय का?" मग, "सर, मला काळजी वाटतेय." मग, "सर, सेट उघडलाय, आता घ्यायलाच हवा." आणि शेवटी नुसतं, "थांबा." तू सर हो आणि मुद्दाम खेकस. मुलं पहिल्यांदा हसतील, मग गप्प होतील. गप्प झाली की पुन्हा म्हणायला लाव.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सर्जिकल चेकलिस्ट आठ शहरांत वापरून पाहिली होती, त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं. ती मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लाव, पण नुसत्या बरोबरच्या खुणा मारू देऊ नकोस.

पुढच्या रविवारी तुमच्या दुपारी दोनला व्हिडिओवर येते. सगळ्या मुलांना बसव, आणि घरातला वजनकाटा घेऊन ये. मला त्यांची बोटं बघायची आहेत.

तुझीच,
सुमन