खाडीवर जाताना भरती-ओहोटीही पाहा

महोदय,

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला आणि पक्षी पाहायला जिथून बोटी सुटतात त्या ऐरोलीला गर्दी वाढली. मात्र अनेक जण केवळ रविवार पाहून येतात आणि ‘पक्षीच नाहीत’ म्हणत परततात. पक्षी असतात, वेळ चुकलेली असते.

रोहित (फ्लेमिंगो) उघड्या चिखलातले शेवाळ खातात. पूर्ण ओहोटीला ते दूरवर पांगतात आणि बोटही चिखलात रुतू शकते. भर भरतीला चिखल बुडतो, तेव्हा बरेच थवे नवी मुंबईतल्या तलावांकडे उडून जातात. पाणी चढत असताना चिखलाचा पट्टा आक्रसतो आणि पक्षी जवळ येतात. तीच खरी वेळ. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, म्हणून गेल्या आठवड्याची वेळ चालत नाही. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडे उशिरा चढते, हेही धरावे.

ऐरोलीहून सकाळी ऊन पाठीशी असते, भांडुपच्या बाजूने दुपारनंतर. दुर्बीण 8×42 (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. हलत्या बोटीत जास्त शक्तीची निरुपयोगीच. थव्यात बोट घुसवायला नावाड्याला सांगू नये. उडालेल्या पक्ष्याचे खाणे थांबते.

तिकीट खिडकीवर त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक ठळक लावावे, एवढी वनविभागाला विनंती.

– एक पक्षिनिरीक्षक, ठाणे