खजुराचे लाडू ‘शुगर फ्री’ कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की कोल्हापुरातल्या मिठाईच्या दुकानांत खजुराच्या लाडवांचे डबे मांडले जातात आणि त्यांतल्या काहींवर ‘शुगर फ्री’ अशी पट्टी चिकटवलेली असते. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या दिरांनी ती पट्टी वाचूनच डबा आणला. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. पेढा-जिलेबीकडे ते वळूनही पाहत नाहीत, पण हे खसखशीत घोळवलेले लाडू मात्र रोज तीन-तीन निर्धास्तपणे खात होते, आणि तपासणीत साखर एवढी कशी वाढली, हे घरात कुणालाच उमगेना. शेवटी मी एक लाडू फोडला, तर आत तुपावर परतलेला खजुराचा लगदा आणि काजूचे चार तुकडे, बाकी काही नाही.

१०० ग्रॅम खजुरात साखरच ६० ग्रॅमच्या पुढे असते. एका लाडवाला चार खजूर धरले, तरी दिवसाला ५० ग्रॅमहून जास्त साखर त्यांच्या पोटात जात होती. वरून साखर घातली नाही, एवढ्याने पदार्थ बिनसाखरेचा होत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर असेल, तर ‘शुगर फ्री’ म्हणताच येत नाही.

खजूर वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. रमजानचा रोजा सोडताना किंवा नवरात्राच्या उपवासात दोन-तीन खजुरांनी चटकन तरतरी येते, तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांना तो मानवतो, आणि १०० ग्रॅममागे ७-८ ग्रॅम तंतू असल्याने पोटही साफ राहते. मात्र त्यात पोटॅशियमही ६५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो खाऊ नये. लहान मुलांना देताना बी काढावी, हे तर सांगायलाच नको.

‘खजुराने रक्त वाढते’ हा समज मला अधिक काळजीचा वाटतो, कारण त्या भरवशावर अशक्त मुलींच्या लोहाच्या गोळ्या बंद केलेल्या मी पाहिल्या आहेत. १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम असते आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम मानली आहे. त्यापेक्षा हळिवाचे लाडू किंवा, मांसाहार चालत असेल तर, कलेजी कितीतरी उपयोगी. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरूच ठेवायला हव्यात.

अन्न व औषध प्रशासनाने या पट्ट्यांची तपासणी करावी. दुकानदारांनीही ‘वरून साखर घातलेली नाही, खजुराची साखर आहे’ असे स्पष्ट लिहून एका लाडवात किती खजूर आहेत, तो आकडा डब्यावर छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर