आधी प्रमाण सांगा, मग देवाचे बोलू

महोदय,

ईश्वर आहे की नाही, यावर वाचकांच्या पानावर येणारी पत्रे मी नेमाने वाचतो. तळमळ दोन्हीकडे खरी आहे, पण पत्रे एकमेकांना भिडतच नाहीत. एकजण लिहितो, डॉक्टरांनी आशा सोडलेला रुग्ण बरा झाला, ही देवाची कृपा. दुसरा लिहितो, असे रुग्ण कधीकधी बरे होतातच, कारण आज ना उद्या सापडेल. रुग्ण बरा झाला हे दोघांनाही मान्य आहे. निसर्गापलीकडचे काही घडू शकते की नाही, हे मात्र दोघांनी रुग्णाला पाहण्याआधीच ठरवून टाकले आहे, आणि त्याबद्दल कोणी अक्षर लिहीत नाही.

आपल्या दर्शनकारांना ही अडचण चांगली ठाऊक होती. प्रमाण म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याचे साधन. चार्वाकाला प्रत्यक्षच, म्हणजे इंद्रियांना जाणवते तेच, प्रमाण. त्याच्यापुढे अनुमानाने ईश्वर सिद्ध करू पाहणे व्यर्थ. घटाला कुंभार लागतो, तसा जगालाही कर्ता हवा, हे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, अनुमान उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हिरिरीने मांडले. बौद्धांना ते पटले नाही, यात नवल नाही. नवल रामानुजाचार्यांचे आहे. एवढे मोठे भक्त, पण ‘श्रीभाष्या’त ते हेच अनुमान खोडतात. कुंभाराला शरीर असते, मोठे काम अनेकजण मिळूनही करतात; मग या वाटेने एकच, अशरीरी ईश्वर हाती कसा लागणार? तो शास्त्रातूनच कळतो, असे त्यांचे म्हणणे. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसादर्शनाचे कुमारिल भट्ट तर वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले, मानतात आणि जगाचा कर्ता नाकारतात. भाविक आणि नास्तिक अशा दोनच रांगा लावल्या, तर या दोघांना कुठे उभे करायचे?

१९४८ साली बीबीसीवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि ख्रिस्ती धर्मगुरू फादर कॉपल्स्टन यांचा ईश्वराच्या अस्तित्वावर वाद झाला, तोही इथेच अडला. हे विश्व मुळात का आहे, असे कॉपल्स्टन विचारत राहिले. ते आहे, एवढेच, असे रसेल सांगत राहिले. बुद्धिबळाच्या पटासमोर बसायलाच नकार देणाऱ्यावर मात करता येत नाही, असे कॉपल्स्टन म्हणाले. मला रसेल यांची बाजू जवळची वाटते, पण त्यांचा तो नकार हेही एक गृहीतकच होते.

म्हणून ‘ज्याचे त्याच्यापाशी’ म्हणत हात झटकणे मला मान्य नाही. गृहीतकेही तपासता येतात. प्रत्येक गोष्टीला कारण असते, असे म्हणणाऱ्याने ईश्वराला सूट का दिली ते सांगावे. विज्ञानाने सिद्ध होते तेवढेच खरे, असे म्हणणाऱ्याने हे वाक्य कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले ते सांगावे. अशा तपासणीसाठी न्यायदर्शनात ‘अभ्युपगमसिद्धांत’ आहे: समोरच्याचे म्हणणे तात्पुरते मान्य करायचे आणि त्यातून पुढे काय निघते ते पाहायचे. हे फार जड जाते.

मी स्वतः ईश्वर मानत नाही. नैसर्गिक कारण सापडले नाही तरी ते असणारच, हे माझे गृहीतक. मी ते सिद्ध केलेले नाही, आजवरच्या अनुभवावर भिस्त ठेवली आहे. माझ्या भाविक बहिणीपाशी हे कबूल केले, तेव्हा कुठे आमचे या विषयावरचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

यापुढे या विषयावर लिहिणाऱ्यांना आपण एवढीच अट घालावी: कोणते प्रमाण मानता आणि काय दिसले तर मत बदलाल, हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहा.

आपला,
एक नियमित वाचक