बोनाफाईड नाही म्हणून पुस्तक नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी माझ्या ११ वर्षांच्या मुलीला घेऊन एका सार्वजनिक वाचनालयात तिची मेंबरशिप घ्यायला गेले होते. वर्गणी, अनामत रक्कम, माझं आधार, तिचे दोन फोटो सगळं बरोबर होतं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या शाळेचं नाव राहिलंय. मी सांगितलं की ती शाळेत जात नाही, आम्ही दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. त्यावर त्या म्हणाल्या, मग बोनाफाईड कुठून आणणार, बालविभागाला बोनाफाईड लागतं. मोठ्यांच्या विभागात माझ्या नावावर घ्या म्हटलं तर मुलांची पुस्तकं त्या कार्डावर मिळत नाहीत. बाई वाईट नव्हत्या, नियम तसा होता, पण परत येताना पोरगी बसमध्ये एक शब्द बोलली नाही आणि मलाही काय बोलावं सुचेना.

तिला पुस्तक कशासाठी हवं होतं ते सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आम्ही विक्रोळीला राहतो. धाकटा ७ वर्षांचा आहे आणि त्याला वाचायला उशीर झाला. अक्षरं येत होती पण जोडाक्षर आलं की तो पुस्तक मिटून ठेवायचा, नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न हाच, अजून वाचत नाही का गं, शाळेत घातलं असतंस तर... मी पण घाबरले होते खरं तर. मग एकदा सासूबाईंना घेऊन स्लो ट्रेनने सीएसएमटीला जात होतो, हा खिडकीत बसलेला, आणि प्रत्येक स्टेशनची पिवळी पाटी आली की मोठ्याने वाचायला लागला. विक्रोळीचा क्र तर रोजचा आहे. पुढे विद्याविहारचा द्य, कुर्ल्याचा रफार, मस्जिदचा स्ज. सँडहर्स्ट रोडला तो अडकला, गाडी सुटली, आणि परतीच्या प्रवासात त्याला तेवढी एकच पाटी बघायची होती! त्यानंतर आम्ही कितीतरी रविवार नुसते पाट्या वाचायला ट्रेनने फिरलो. बेस्टच्या बसवरचे मराठी आकडेपण असेच पाठ झाले. जोडाक्षरांचं पुस्तक मी चार महिने घेऊन बसले होते, ते काम मध्य रेल्वेने केलं.

तर शीव स्टेशनच्या पाटीवर त्याला दोन नावं दिसली, शीव आणि सायन. एकाच स्टेशनला दोन नावं का? सासूबाई म्हणाल्या अरे शीव म्हणजे हद्द, मी लग्न होऊन आले तेव्हा गावच्या शिवेवर गाडी थांबवून नारळ फोडला होता. मग मोठीचा प्रश्न, इथे कोणाची हद्द होती? मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही शोधलं. शीवचा किल्ला १६६९ ते १६७७ या काळात, जेरार्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर असताना बांधला. इकडे इंग्रजांच्या ताब्यातलं परळ बेट, पलीकडे पोर्तुगीजांचं साष्टी बेट, म्हणून ही शीव. त्याच आठवड्यात किल्ल्यावर चढून आलो, स्टेशनपासून चालत जाता येतं, मुंबईत राहून किती जण गेले असतील माहीत नाही पण जरूर जा. घरी आल्यावर मोठीने कागदावर सात बेटं काढली, कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, आणि मग मला म्हणाली की बेटांच्या मधलं पाणी कोणी आणि कसं बुजवलं त्याचं पुस्तक पाहिजे, मोबाईलवर सगळं तुकड्या तुकड्यात येतं.

ज्या मुलीने आपणहून पुस्तक मागितलं, तिला आम्ही बोनाफाईड नाही म्हणून परत आणलं.

हे मला इतकं लागलं त्याला अजून एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी वाचायची बंद झाली होती आणि ती माझ्यामुळे. मी भिंतीवर चार्ट लावला होता, रोज इतकी पानं, वाचून झालं की वहीत सारांश आणि तात्पर्य, आठवड्याला स्टार. शाळा नको म्हणून घरी शिकवायचं ठरवलं आणि घरातच परीक्षा सुरू केली. तीन महिन्यांत ती पुस्तकाकडे बघेना. चार्ट काढला, वही बंद केली, रात्री जेवणं झाल्यावर मीच मोठ्याने वाचायला लागले, कोणी ऐको न ऐको, प्रश्न एकही विचारायचा नाही. पहिले काही दिवस दोघं कॅरम खेळत होते. नंतर खेळता खेळता थांबायला लागले. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, माझ्या लहानपणीचे अंक मी त्यांना वाचून दाखवले, त्यातली कोडी ती माझ्या आधी सोडवायची. अशी ती परत वाचायला लागली. ज्यांच्या घरी हा प्रॉब्लेम आहे त्यांना मी हात जोडून सांगते, मूल शाळेत जात असो वा नसो, वाचल्यावर लगेच काय कळलं ते विचारू नका.

काही वाचक विचारतील की मुळात शाळेत का नाही. आमची कारणं घरगुती आहेत आणि प्रत्येकाने असंच करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही, चांगल्या शाळा आणि जीव लावणारे शिक्षक मी पाहिलेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकांना शिक्षा त्यात नाही, आणि घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल स्पष्ट असं काही लिहिलेलं नाही. म्हणून आमच्यासारखी कुटुंबं जरा दबकूनच असतात. दहावीची परीक्षा मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) देऊ शकतात, वय १४ पूर्ण लागतं, मोठी तीच देणार आहे.

पण वाचनालयाचा आणि या सगळ्याचा काय संबंध? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, शासनमान्य ग्रंथालयांना अ ब क ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, म्हणजे तो आपल्या सगळ्यांचा पैसा आहे. 'सार्वजनिक' या शब्दात माझी मुलगी येत नाही का? आणि हा फक्त आमचा प्रश्न नाही हो. ज्या मुलांची शाळा मध्येच सुटलीय, जी गावाहून आत्ताच आलीत आणि अजून ॲडमिशन झालेली नाही, जी आईबरोबर कामावर जातात, त्यांच्याकडे कुठलं बोनाफाईड? खरं तर पुस्तकाची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे.

दुसरं म्हणजे वेळ आणि कपाटं. बऱ्याच ठिकाणी देवघेव सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ, दुपारी कुलूप. दुपारी सकाळच्या सत्रातली शाळेची मुलंपण मोकळी असतात, ती कुठे जाणार? आणि काउंटरच्या पलीकडे उभं राहून पुस्तकाचं नाव सांगा, मग शिपाई आणून देणार, ही पद्धत मोठ्यांना चालते, मुलांना नाही. मुलाला नाव माहीतच नसतं, त्याला चित्र बघायचं असतं, चार पुस्तकं काढून पाचवं घ्यायचं असतं. नंतर आम्ही दुसऱ्या एका छोट्या वाचनालयात गेलो, तिथल्या ग्रंथपाल काकांनी शाळा विचारली नाही, फक्त हात धुवून ये म्हणाले आणि दोघांना कपाटापाशी सोडलं. मोठी दोन तास जमिनीवर बसली होती. बेटांचं पुस्तक मिळालं नाही, ती खेकड्यांचं घेऊन आली.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, सगळीकडे कार्यक्रम होतात, चांगली गोष्ट आहे. पण मुंबईतल्या वाचनालयांच्या कार्यकारिणीवर जे वाचक असतील त्यांना माझी मनापासून विनंती आहे की त्याआधी तुमच्या बालविभागाचा फॉर्म एकदा काढून बघा. शाळेचा रकाना असला तर असू दे, पण तो रिकामा राहिला म्हणून कोणाला परत पाठवू नका, आईवडिलांचं आधार आणि अनामत पुरेशी धरा. आणि आठवड्यातली निदान एक दुपार कपाटं उघडी ठेवा, पुस्तकं लावायला माणूस कमी पडत असेल तर मी येईन, माझ्या ओळखीच्या अजून दोघीतिघी यायला तयार आहेत.

आपली,
एक आई,
विक्रोळी (पूर्व), मुंबई