मापवहीसह दुकान हाती देणाऱ्या मास्टरांना

आदरणीय मास्टर,

सादर नमस्कार.

तुमचे शिवणकामाचे दुकान मी चालवायला घेतले, त्याला आता वर्ष पूर्ण झाले. हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर न पाठवता सर्वांसमोर लिहितो आहे, कारण चालता धंदा विकत घेणाऱ्या प्रत्येकाला जुनी गिऱ्हाइके टिकतील की नाही याची जी धास्ती असते, ती तुम्ही कशी दूर केलीत हे इतरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

खरेदीचा मसुदा तयार होत असताना वकिलांनी मला नावलौकिकाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला गुडविल म्हणतात त्याचा, अर्थ समजावून सांगितला होता. इंग्लंडचे लॉर्ड चान्सलर लॉर्ड एल्डन यांनी १८१० मध्ये एका निकालात म्हटले होते, की विकला गेलेला नावलौकिक म्हणजे जुनी गिऱ्हाइके जुन्या जागी येत राहण्याची शक्यता, त्यापलीकडे काही नाही. पुढे तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, असेही ठरवले, की नावलौकिक विकणाऱ्याने नंतर जुन्या गिऱ्हाइकांना गाठून स्वतःकडे वळवू नये. मशिने, कात्र्या, कापणीचे टेबल हे सारे मोजून ताब्यात घेता येत होते. पण किमतीचा मोठा भाग मी एका शक्यतेपोटी देत होतो, हे तेव्हा ध्यानात आले आणि माझी झोप उडाली. विकणाऱ्याने आड येऊ नये एवढे कायदा बघतो. नव्या माणसाचा हात धरून त्याला गिऱ्हाइकांसमोर उभे करणे कोणत्याही कराराने तुमच्यावर बंधनकारक नव्हते, आणि तुम्ही तीन महिने नेमके तेच केलेत.

सर्वांत आधी आठवते ती मापवही. छाती, कंबर, खांदा, बाही यांचे आकडे कोणत्याही शिंप्याच्या वहीत असतात. तुमच्या वहीत त्या आकड्यांशेजारी बारीक अक्षरात माणूस लिहिलेला होता. ‘उजवा खांदा अर्धा इंच उतरता, आरशासमोर बोलू नये.’ ‘कॉलर सैल लागते, स्वतः सांगणार नाहीत.’ ‘तारीख दोन दिवस पुढची द्यावी, पण चुकवू नये.’ मी ती वही दुकानाच्या सामानातलीच एक वस्तू समजत होतो. तुम्ही मात्र, शरीराची मापे ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे असे सांगून, हस्तांतराआधी एकेका गिऱ्हाइकाला विचारलेत, आणि ज्या थोड्यांनी नकार दिला त्यांची पाने कापून त्यांची त्यांना परत केलीत. त्या क्षणी मला ते नुकसान वाटले होते, हे आज कबूल करतो. ज्यांना विचारले गेले त्यांचा माझ्यावरचा विश्वास तिथूनच सुरू झाला, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

ओळख करून देण्याची तुमची रीतही मी विसरणार नाही. ‘दुकान आता यांचे’ असे तुम्ही पहिल्या भेटीत कोणालाच सांगितले नाहीत. ‘माप हे घेतील, मी लिहून घेतो’ एवढेच म्हणायचात. मी फीत धरून आकडा सांगायचो, तुम्ही जुना आकडा पाहून मान हलवायचात, आणि समोरचा माणूस ते सारे पाहत असायचा. मालक बदलल्याची बातमी त्याला माप झाल्यावर, तुमच्याच तोंडून मिळायची. महिन्याभरानंतर तुम्ही वहीतून वर पाहणे बंद केलेत, आणि पुढे आठवड्यातले काही दिवस मुद्दाम येईनासे झालात. तुमच्या उपस्थितीइतकीच ती मोजून मापून घेतलेली रजा मला उपयोगी पडली.

दुकानाचा दूरध्वनी क्रमांक, वेळा आणि काज-बटणाचे कारागीर तसेच ठेवा, हे तुमचे सांगणे मी लगेच मानले. अडलो ते दुरुस्तीच्या किरकोळ कामांपाशी. कंबर सैल करणे, चेन बदलणे यांत वेळ जातो आणि हाती काही लागत नाही, म्हणून ती बंद करण्याचा माझा विचार होता. तुम्ही वाद घातला नाहीत. जुन्या नोंदवह्या माझ्यापुढे ठेवून, जे नेहमी कोट शिवायला येतात त्यांची पहिली नोंद शोधायला सांगितलीत. मी संध्याकाळभर पाने उलटली. बहुतेकांची पहिली नोंद दुरुस्तीचीच होती.

तुमच्या काळात शिवलेली पँट उसवली म्हणून एक गृहस्थ आले, तेव्हा ‘ते माझ्या आधीचे काम’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तुम्ही काही न बोलता ती पँट माझ्या मशीनवर आणून ठेवलीत. दुकान घेतले म्हणजे तुमचे दिलेले शब्द, घेतलेल्या आगाऊ रकमा आणि राहिलेल्या चुका हे सारेच माझे झाले, हा धडा मला त्या एका शिवणीने दिला.

काही जण तरीही गेले. ते तुमच्या हाताखातर येत होते आणि त्यांना थांबवू नये, असे तुम्ही आधीच सांगितले होते, त्यामुळे मी त्यांच्यामागे सवलती घेऊन धावलो नाही.

मागच्या आठवड्यात सैल कॉलरवाले आले. तुमची चौकशी त्यांनी केली, पण ती जाताना, निरोप घेण्याच्या ओघात. आल्या आल्या ‘नेहमीसारखेच’ म्हणून कापड टेबलावर ठेवले आणि हात पसरून उभे राहिले. कंबर एक इंचाने वाढली होती. तुमच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात मी नवा आकडा लिहिला.

त्या रात्री वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली आणि लक्षात आले, की तुमचे माप त्यात कुठेच नाही. एकदा सवडीने दुकानात यावे. तुमचा कोट मला शिवायचा आहे.

आपला कृतज्ञ,
दुकानाचा नवा शिंपी