'किल्ला करला' म्हणणाऱ्या मुलाला बोलू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ऐरोलीला नातवाला आणायला गेले होते. बालवर्गाचं दार उघडंच होतं. टीचर एकेकाला विचारत होत्या, सुट्टीत काय केलं? आमचा चार वर्षांचा नातू उठून म्हणाला, "मी आणि दादानी किल्ला करला. आणि मग एक मावळा..." "करला नाही, केला म्हण." तो गप्प. "म्हण बघू, केला." तो हळूच "केला" म्हणाला आणि खाली बसला. मावळ्याचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलंच नाही. निघताना मला सूचनाही मिळाली, घरी त्याच्या बोलण्याकडे जरा लक्ष द्या.

मी कळव्यात २६ वर्षं बालवाडी चालवली. त्या दिवसापासून हे मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

"करला" हा शब्द त्याला कुणी शिकवलेला नाही. आमच्याकडे मोठं माणूस कुणी असं बोलत नाही. वर्षभरापूर्वी तो नीट "केला" म्हणायचा, कारण तेव्हा ऐकलेलं जसंच्या तसं म्हणत होता. मधल्या काळात त्याच्या कानानं हेरलं की धरला, भरला, मारला, चिरला हे सगळे एका चालीचे आहेत; मग 'कर'चं 'करला'च व्हायला हवं! हा नियम चार वर्षांच्या पोरानं स्वतः शोधला आहे. अपवाद तेवढा पक्का व्हायचा राहिलाय, तो रोजच्या बोलण्यात ऐकून ऐकून होतो. १९५८ मध्ये अमेरिकेत भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी मुलांना पक्ष्यासारखं एक काल्पनिक चित्र दाखवून त्याला 'वग' असं बनावट नाव दिलं. तसे दोन दाखवल्यावर मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. मुलं नुसती पोपटपंची करत नाहीत, हे त्यातून दिसलं.

मग शिक्षकांनी काय करायचं? रिक्षात मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे वा, किल्ला केलात? बुरूज कशाचा केला?" आणि थांबले. हे थांबणंच सगळ्यात अवघड. अमेरिकेतल्याच शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट पाहतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात. नातू दिघ्यापर्यंत गप्पच होता. मग म्हणाला, "मातीचा केला. आणि मावळा मांजरानी तळ्यात पाडला. मी त्याला उन्हात सुकवला." 'केला' त्यानं माझ्या बोलण्यातून उचलला. उद्या पुन्हा 'करला' म्हणेलही, त्याची मला मुळीच काळजी नाही.

घणसोली-गोठिवलीच्या आगरी घरातलं मूल 'पानी' म्हणतं, त्याची गोष्ट मात्र वेगळी. ती त्याच्या आजीची बोली आहे, तिला अशुद्ध म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्याचं 'पानी' ऐकून घ्यावं, आपण 'पाणी' म्हणावं; दोन्ही त्याच्या तोंडी सुखानं नांदतात.

चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाशी बोलणं कठीण, हे मी भोगलेलं आहे. पण डबा खाताना चार-पाच मुलांजवळ रोज दहा मिनिटं बसता येतं. आज या चौघांत, उद्या त्या चौघांत. तेव्हा सूचना द्यायच्या नाहीत, फक्त गप्पा. याच ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघरमध्ये गेला) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. त्यांच्याच जिल्ह्यातल्या वर्गात मुलाला वाक्य पुरं करू दिलं जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

बालदिन जवळ आला आहे. बऱ्याच शाळांत त्यासाठी आतापासून चार-चार ओळींची भाषणं पाठ करून घेतली जातात. माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे, बालवर्गाला यंदा त्यातून मोकळं करा. मुलांना गोल करून बसवा, ज्याला वाटेल त्यानं आपल्या किल्ल्याबद्दल सांगावं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत टीचरनी मध्ये बोलू नये.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, कळवा